भिंतीतली सातेरी

खुलताबाद
२ फेब्रुवारी

आत्याबाई,

जय भीम. हा जय भीम आत्ता घ्यायचा नसेल तर परत पाठवू नका, उशाखाली ठेवून द्या. राग उतरला की घ्या.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. तुमच्या लेकाच्या, प्रणयच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. तनुजाताईंना मेसेज टाकला. त्या म्हणाल्या, "वहिनी, आई म्हनती, तिचं काय बी मला वाचून दावू नको." म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. आणि या वयात साक्षरता वर्गाला जाऊन तुम्ही अक्षरं शिकलात ती काही नुसती पेपरातल्या निधनवार्ता वाचायला नाही.

इथे गल्लीत हसं चाललंय. सून रुसून माहेरी गेलेली लोकांनी पाहिली आहे. सासू रुसून लेकीच्या घरी फर्दापूरला गेली, हे नवीन. सरूबाईने मला नळावर गाठून विचारलं, "काय गं संध्या, सासूला भाईर काढलं व्हय?" मी म्हणाले, "मी नाही बाई, माश्यांनी काढलं." तिला ते खरंच वाटलं. दुपारपर्यंत बातमी पसरली की पारूबाईला मोहोळ चावलं आणि फर्दापूरला दवाखान्यात ठेवलंय. बायका खुशाली विचारून गेल्या. तुम्ही येऊन एकदा सगळ्यांना तोंड दाखवलंत तर बरं होईल.

आता मुद्द्याचं. मागची भिंत मी पाडू देणार नाही.

तुमच्या नावावर घरकुल मंजूर झालं, मागची मातीची खोली पाडून त्याच जागी सिमेंटची खोली उभी करायची, हे ठरलं होतं. त्यात मीही मान डोलावली होती. पण राजकुमार गवंडी पहार खांद्यावर टाकून आला आणि मला राहवलं नाही. मी भिंतीला पाठ लावून खाली बसले. तुमच्यासमोर त्याला परत पाठवलं, हे मला मान्य आहे. त्यानंतर तुम्हाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते पाठ असेल.

त्या भिंतीत एक कोनाडा आहे. प्रणयच्या बाबांनी तो कधीकाळी आतून फळी ठोकून बंद केला. त्यात सातेरीचं मोहोळ आहे, माझ्या लग्नाच्या आधीपासून. झाडाच्या ढोलीत, वारुळात, अंधाराच्या जागी राहणारी ही आपली गावठी माशी. माझ्या पेट्यांतही तीच. पण पेटीतली आणि भिंतीतली यांत किती फरक, ते तुम्ही कधी मला पुरतं सांगू दिलं नाहीत. प्रत्येक वेळी तुमची चूल आडवी येते.

मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं तसं मी सगळं केलं. पातळ फळ्यांच्या पेट्या, आत चौकटी, दर आठवड्याला उघडून बघणं. फुलं संपली की साखरपाणी. नव्या राणीचं घर दिसलं की कापून टाकायचं, म्हणजे मोहोळ फुटत नाही, अर्ध्या माश्या वेगळा संसार थाटायला निघून जात नाहीत. बाळंतिणीची करावी तशी सेवा केली. आणि पहिल्या दोन्ही वर्षी वैशाखात एका सकाळी पेटी उघडते तर आत शुकशुकाट! उन्हाने मेण मऊ झालेलं, माश्या परागंदा. त्याच सकाळी मागची भिंत आपली गुणगुणत होती. तिला कुणी साखर घातली नव्हती, कुणी उघडून पाहिलं नव्हतं. हातभर जाड माती, करंगळी जाईल एवढं दार, आणि वाटेल तेव्हा फुटायची मोकळीक. तिला कशाचीच कमी नव्हती.

तेव्हापासून मी साहेबांचं ऐकणं सोडलं आणि भिंतीचं ऐकायला लागले. उरलेल्या दोन पेट्यांना बाहेरून मातीचं जाड लिंपण केलं, चौकटी काढल्या, साखर बंद केली. मध त्यांचा, पाऊस पडून फुलं आली आणि जुना उरला तरच आपला. विहारात आपण दर पौर्णिमेला म्हणतो ना, अदिन्नादाना, न दिलेलं घेणार नाही. मी तुम्हाला हे सांगायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हैस कवा म्हनली गं, माझं दूध घ्या म्हनून?" याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण शोधते आहे.

मला तुम्हीही घरात हव्यात आणि भिंतही हवी. दोन्ही मिळेपर्यंत मी लिहीत राहणार.

तुमची नावडती,
संध्या


खुलताबाद
२० फेब्रुवारी

आत्याबाई,

तुमचा निरोप तनुजाताईंनी शब्दाला शब्द पोचवला: "तिला म्हनावं, माश्यांनाच सासू म्हन."

विचार करून पाहिला. माश्या भाजीत मीठ कमी आहे म्हणत नाहीत, आंघोळीला उशीर झाला म्हणून भांडी आपटत नाहीत, आणि त्यांचं नाक माझ्यासारखंच कामात खुपसलेलं असतं. तरीही जमणार नाही. त्यांच्याशी भांडता येत नाही. तुम्ही गेल्यापासून या घरात कुणी कुणाला टाकून बोललेलं नाही आणि घर अगदी मिळमिळीत झालंय. प्रणय कंपनीतून येतो, जेवतो, भिंतीकडे बघतो, माझ्याकडे बघतो आणि मोबाइल उघडतो. तुम्ही फोनवर काही म्हणालात की तो तुम्हाला हो म्हणतो, मी काही म्हणाले की मला हो म्हणतो. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझे चार दिवस कधी लागणार तेवढं कळवा, म्हणजे मी तयारीत राहीन.

मी एक तोड काढली होती. घरकुलाची खोली पुढच्या अंगणात बांधू. तिथे ऊन चांगलं येतं, रस्ता जवळ, तुमच्या गुडघ्यांना चढ नको. मागची खोली सामानाला राहील, भिंत राहील, माश्या राहतील. मला वाटलं यात कुणाचंच वाकडं होत नाही. तुमचं उत्तर आलं: "नाय. त्याच जागी."

का, ते तरी सांगा. हट्टी मीही आहे, पण माझ्या हट्टाला मी दोन पानं कारण दिलं. तुम्ही दोन शब्दांत मोकळ्या झालात.

परवा मी ती भिंत बाहेरून लिंपली. पांढरी माती कालवली, शेण घातलं, तुम्ही करता तसं हाताने सारवत गेले. माश्यांच्या दाराशी आले तेव्हा लक्षात आलं की त्या भोकाभोवती बोटाने गोल काठ काढलेला आहे. थरावर थर, दर वर्षीचा. म्हणजे इतकी वर्षं दर लिंपणाला तुम्ही ते दार मोकळं ठेवत आलात! मला इतका आनंद झाला की तनुजाताईंना लगेच फोन करून तुम्हाला विचारायला लावलं. तुमचं उत्तर ऐकून त्या स्वतःच हसत होत्या: "भोक बुजवलं असतं तर घरात शिरल्या असत्या ना, येडे." बरं. माझा गैरसमज मी परत घेते. पण दार मोकळं ठेवलंत ते ठेवलंतच.

गवंडी राजकुमार रोज सायकल थांबवून विचारतो. काम सुरू झाल्याचा फोटो मार्चअखेर गेला नाही तर घरकुल मागे जाईल, असं नगरपालिकेत सांगतात. म्हणजे माझ्या हट्टाला मार्चअखेरपर्यंतच मुदत आहे, हे मला कळतं.

आणि त्या दिवशी मी बोलले ते वाक्य आता लिहूनच टाकते, कारण तुम्ही ते फर्दापूरला वाढवून सांगितलंय असं ऐकते. मी एवढंच म्हणाले, "सिमेंटात जीव जगत नाही, मातीत जगतो." त्यावर तुम्ही पिशवी भरलीत आणि उंबऱ्यावरून "जाते" म्हणालात. बाई माणूस घरातून निघताना "येते" म्हणतं, आत्याबाई. मला ते फार लागलं.

मी काही खोटं बोलले नव्हते. अजूनही तसंच म्हणते.

संध्या


खुलताबाद
८ मार्च

आत्याबाई,

काल तनुजाताईंचा फोन आला. तुम्ही बाजाराला गेला होतात. त्यांनी मला आवडामावशींच्या पायाचं सांगितलं.

मावशी लंगडतात हे मी लग्नात पाहिलं होतं. मला वाटायचं जन्मापासूनच असेल. कुणी बोललं नाही, मी विचारलं नाही. काल कळलं की तुम्ही दोघी बहिणी लहानपणी एका गोधडीत झोपायचात, मावशी भिंतीकडे आणि तुम्ही अलीकडे. झडीचा पाऊस लागला होता. भिंत पाणी पिऊन फुगली आणि बसली. तुम्ही हाताने माती उपसलीत, नखं गेली तरी उपसलीत, आणि मावशी बाहेर निघाल्या पण पाय तेवढा कायमचा गेला.

तनुजाताई म्हणाल्या, "आई पावसाळ्यात खोलीच्या मधोमधच झोपती, तुला दिसलं नाय का?" दिसलं होतं. मला वाटलं तुम्हाला वारा लागतो.

आणि अशा माणसाला मी म्हणाले की मातीत जीव जगतो.

तेव्हा आता ऐका. भिंत पडणार. त्याच जागी तुमची खोली होणार, अंगणात नाही, सामानाच्या खोलीशेजारी नाही, त्याच जागी. हे मी तुमची दया येऊन लिहीत नाही. तुम्हाला दया आवडत नाही आणि मला ती करता येत नाही. मला एवढंच समजलं की मी त्या भिंतीवर बाहेरच्या अंगाने जीव लावला आणि तुम्ही तिच्या आतल्या अंगाला चाळीस पावसाळे काढलेत. आतल्याचा हक्क मोठा.

पण माश्यांनाही मी वाऱ्यावर सोडणार नाही. हेही तितकंच ठरलंय.

राजकुमारला सांगितलं, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ये, त्याआधी पहार दिसली तर तुझीच खैर नाही. एवढा वेळ का, तर भिंतीच्या दाराशी सध्या नर माश्या दिसायला लागल्यात, जाडजूड, आळशी, नुसत्या खाऊन फिरणाऱ्या. (तुमच्या चिरंजीवांना मी हे वाचून दाखवलं. हसले नाहीत.) नर दिसले म्हणजे मोहोळ फुटायच्या बेतात आहे. कांद्याच्या बियाण्याचे प्लॉट फुललेत, पांगारा फुललाय, घरात भरभराट आहे. अशा वेळी अर्धं घर नवीन जागा शोधत निघतं. तसं आपण होऊन निघाल्या तर उत्तमच. माझ्या शिकवणीत याच्या उलट सांगतात, राणीची घरं कापा आणि फुटू देऊ नका. मी कापणार नाही. जंगलात कुणी कापायला जात नाही.

त्यांच्यासाठी मी घर तयार केलंय. रस्ता रुंद करताना शिरीषाचं एक झाड पाडलं, त्याचं खोड आतून पोकळ होतं. सुताराकडून कापून आणलं, दोन्ही तोंडांना फळ्या ठोकल्या, करंगळीएवढं दार ठेवलं, आतून जुनं मेण चोळलं. कडुलिंबाखाली दगडांवर मांडलंय. सरूबाई म्हणाली, "ढोल बनवती का गं जयंतीला?" मी हो म्हणाले. कुणाकुणाला समजावू?

तुम्ही उत्तर पाठवलं नाही तरी काम थांबणार नाही. फक्त एक विचारते. पहिला घाव तुमचा की राजकुमारचा?

संध्या


खुलताबाद
१९ मार्च

आत्याबाई,

आज माश्या निघाल्या.

सकाळी मी भाकरी थापत होते आणि मागून आवाज आला, गिरणी सुरू झाल्यासारखा. धावत गेले. भिंतीच्या त्या एवढ्याशा दारातून माश्या नुसत्या सांडत होत्या. अंगणभर झाल्या, दोरीवरचे कपडे दिसेनात. मग हळूहळू कडुलिंबाच्या फांदीवर जमल्या आणि घोस लटकला. माझ्या खोडाच्या अगदी वरच! मी मनात म्हटलं, बाई गं, उतर खाली, घर तयार आहे.

दुपारपर्यंत तशाच लटकल्या होत्या. मग उठल्या. सरूबाई परात वाजवत आली आणि ओरडायला लागली, "माती फेक, माती फेक, खाली बसत्यात!" माती पाऊस वाटून माश्या बसतात, असं तुम्हीही म्हणता. बसतही असतील. तिने ओंजळ भरली आणि मी तिचा हात धरला. "जाऊ दे त्यांना," म्हटलं. ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. माश्या माझ्या खोडावरून गेल्या, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता, दर्ग्याच्या घुमटावरून डोंगराकडे. कुठल्यातरी कड्याच्या कपारीत शिरल्या असतील. मी बघत उभी राहिले आणि मग चुलीपाशी येऊन रडले. भाकरी करपली होती.

रडून झाल्यावर मात्र बरं वाटलं. त्यांना जागा निवडायची मोकळीक द्यायची म्हणाले होते; आता माझी निवडली नाही म्हणून रुसायचं तर मग मीही तुमच्यासारखीच.

एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच राहिली. मोहोळ फुटतं तेव्हा घर सोडून कोण जातं माहीत आहे? म्हातारी राणी. लेक आतून तयार व्हायच्या आधीच म्हातारी अर्ध्या माश्या घेऊन निघते आणि भरलेलं, मधासकट घर नवीला देऊन जाते. मी हे प्रणयला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आईचंच झालं की." मी म्हटलं, अजिबात नाही. म्हातारी माशी नवीन घर बांधायला जाते. तुझी आई नवीन घर बांधायचं सोडून तनुजाताईंच्या हॉटेलात फर्दापूरच्या पर्यटकांना पोहे खाऊ घालत बसलीय.

अर्धं मोहोळ अजून भिंतीत आहे, नवीन राणीसकट. तिला बाहेर जाऊन नरांना भेटून यायला आठवडा-दीड आठवडा द्यावा लागतो. त्यानंतर मला ते हाताने काढून खोडात बसवावं लागेल. ती माझ्या मनासारखी पद्धत नाही, पण भिंतीला आता मुदत नाही आणि तुम्हाला दिलेला शब्द मोडायचा नाही.

राजकुमार तीस तारखेला येतोय. फोटोत घरकुलाच्या मालकिणीनेच उभं राहायला हवं. तेव्हा राग असू द्या, पण या. रागासकट या. इथे ठेवायला जागा आहे.

संध्या


खुलताबाद, तुमचंच घर
२१ एप्रिल

आत्याबाई,

तुम्ही ओसरीवर तांदूळ निवडताय आणि मी आत बसून तुम्हालाच पत्र लिहिते आहे. याला काय म्हणावं ते म्हणा. तोंडाने बोलायला गेले की तिसऱ्या वाक्याला आपलं जुंपतं. कागदावर तुम्ही मला शेवटपर्यंत बोलू देता.

आधी एक दुरुस्ती. भिंत पाडली त्या दिवसाची गोष्ट तुम्ही गल्लीत सांगताय ती अशी, की सुनेने पाया पडून बोलावलं, रडली, भेकली, तेव्हा कुठे तुम्हाला पाझर फुटला. काल जयंतीच्या वर्गणीचा हिशेब करायला बसलेल्या बायकांनाही तेच ऐकवलंत. खरं काय झालं ते मी लिहून ठेवते.

तुम्ही एसटीतून उतरून सरळ मागे आलात. पिशवी माझ्या हातात कोंबलीत. राजकुमारच्या हातातली पहार काढून घेतलीत, पदर खोचलात आणि माश्यांच्या कोनाड्यापासून लांबच्या टोकाला पहिला घाव घातलात. मग दुसरा. मग कितीतरी. राजकुमार म्हणाला, "काकू, बास करा, आमी हाव ना." तुम्ही ऐकलं नाहीत. भिंतीचा तो तुकडा बाहेरच्या अंगाला पडला तेव्हाच थांबलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. धूळ गेली, म्हणालात. असेल.

मग माझी पाळी आली. मी जाळी घालून फळी काढली. आणि तुम्ही, ज्यांना मी दहा वर्षांत मोहोळाच्या जवळपास फिरकताना पाहिलं नाही, तुम्ही तोंडावर पदर घेऊन माझ्या खांद्यामागे येऊन उभ्या राहिलात. आत पोळी ओळीने लटकलेली, जुनी काळपट, नवी पांढरी, त्यांच्यामधून एक माशी जाईल एवढी वाट. तुम्ही वाकून आत पाहिलंत आणि म्हणालात, "येवढं बांधलं व्हतं व्हय माझ्या उशाला?"

मी अंड्या-पिल्लांची पोळी कापून, दोऱ्याने काड्यांना बांधून खोडात लावली. राणी सापडली, तिला हलकेच आत सोडलं. मधाची पोळीही मी त्यांच्यासोबतच ठेवत होते, तर तुम्ही एक तुकडा उचलला, चाखला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलंत, "चाळीस वर्सं फुकट ऱ्हायल्या. आज भाडं दिलं." राजकुमार हसून खाली बसला. मीही हसले, माझ्या सगळ्या नियमांसकट. ही खरी गोष्ट. यात पाया पडणं कुठेही नाही.

आता विनंती.

तुमच्या खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या, पुढच्या आठवड्यात स्लॅब पडेल. तुम्ही रोज संध्याकाळी त्या विटांवर हात फिरवून येता, ते मी बघते. पण खोडातल्या माश्यांचं नीट चाललेलं नाही. भिंत हातभर जाड होती, खोडाचं लाकूड दोन बोटं. दुपारी उकाड्याने दाराबाहेर माश्यांचा दाढीसारखा घोस लोंबतो, पंख हलवून हलवून थकतात. आज सकाळी एक पोळं उन्हाने सुटून खाली पडलं. चार पिल्लं मेली, बाकीची मी सावरली. हे असंच राहिलं तर वैशाखात त्या जाणार. मी त्यांना अडवणार नाही, पण त्या राहाव्यात म्हणून जे करता येईल ते केल्याशिवाय बसणारही नाही.

त्यांना जाड माती हवी. आणि ती अंगणात ढीग घालून पडली आहे.

ती तुम्ही पुंडलिकभाऊंना शब्दावर दिली आहे, हे मला माहीत आहे. उद्या सकाळी त्यांचा ट्रॅक्टर येतोय. जुन्या घराची पांढरी माती शेताला सोन्यासारखी, आणि ज्यांच्या बांधावर तुम्ही उन्हातान्हात खुरपलंत ते आपल्या दारात येऊन "पारूबाई, माती देता का" म्हणाले, तेव्हा तुमची मान कशी ताठ झाली ते मी पाहिलं. तो मान मला घालवायचा नाही. मला त्यातली थोडी हवी, खोडाभोवती चारी अंगांनी भिंत घालण्यापुरती. वर छप्पर नाही, आत माणूस नाही, खाली कुणी झोपणार नाही. नुसती माश्यांची भिंत.

तुम्ही नाही म्हणालात तर मी डोंगराच्या पायथ्याहून घमेल्याने माती आणीन. दोन दिवस लागोत, चार लागोत. पण तुमच्या ढिगाला तुमच्या हो-शिवाय हात लावणार नाही. त्या मातीत तुमचे चाळीस वर्षांचे हात आहेत, ती माझी नाही.

हे पत्र तुमच्या सुपाशेजारी ठेवते आणि पाण्याला जाते. उत्तर मागच्या बाजूला लिहा, ती कोरी आहे.

संध्या


त्याच कागदाच्या मागे

संध्या,

पुंडलिकला सांगून पाठवलं, सकाळी नको दुपारून ये. तवर तुला लागती ती माती काढून घे. वरची घिऊ नको, वरच्यात विटांचे खडे पडलेत. खालची घे.

भुसा सरूबाईकडं हाय. चिखल मी तुडवीन, तुला त्यातलं काय येत नाय. मी नव्हते तवा भिंत लिंपलीस, ते बघितलं आसतं तर हासले आसते.

भिंत माझ्या कमरंच्या वर न्यायची नाय. माश्यांना तेवढ्यात जमत नसंल तर त्यांनी डोंगरात जावं. तू मधी बोलू नको. पाऊस लागून पडली तरी कुनाच्या आंगावर पडू नये, येवढीच उंच.

पारूबाई